अंकबद्ध ध्वनीतील अंतर
ध्वनी एकदा अंकांत नोंदला गेला की तो सर्वत्र सारखाच वाजावा, ही अपेक्षा तर्कसंगत असली, तरी कानाचा अनुभव तिला दुजोरा देत नाही. सीडीवर दर सेकंदाला, प्रत्येक वाहिनीसाठी, ध्वनीची ४४,१०० मोजमापे १६ बिटांत दाखल असतात, आणि त्यांची अविकल नक्कल कोणत्याही मार्गाने आली तरी तीत तिळमात्र फरक पडत नाही. एमपी-थ्रीमध्ये मात्र, मोठ्या स्वराआड जे सूक्ष्म ध्वनी ऐकू येणार नाहीत असे गृहीत धरले जाते, ते गाळले जातात. आणि ही काटकसर फार झाली, म्हणजे तबल्याच्या थापेची धारदार सुरुवात थापेआधीच पसरू लागते. परंतु माझ्या मते याहून मोठे कारण, प्रत मुळातच वेगळी असणे हे होय. मेटॅलिका या अमेरिकन वाद्यवृंदाचा ‘डेथ मॅग्नेटिक’ हा संग्रह २००८ साली निघाला, तेव्हा सीडीवरील ध्वनी इतका दाबून मोठा केलेला होता की ड्रमचे आघात चिरडल्यासारखे उमटले, आणि ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ-खेळात तेच वादन पुष्कळ मोकळे ऐकू आले. तुलना करावयाची असल्यास प्रथम दोन्ही प्रतींच्या आवाजाची पातळी समान करावी. किंचित मोठा आवाजही कान बिनतक्रार सरस ठरवतो.