थायरॉइडची गोळी आणि वजनाचा काटा



आजचा विषय वरवर पाहता दवाखान्यातला वाटेल. पण तो आता घराघरांतला झाला आहे. 2013 साली भारतातील आठ ठिकाणच्या प्रौढांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांत मुंबई आणि गोवा हीही होती. रक्त तपासलेल्या दर नऊ माणसांमागे साधारण एकाची थायरॉइड ग्रंथी मंद असल्याचे तीत आढळले, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत हे प्रमाण पुष्कळ अधिक होते. तेव्हा या सभागृहातही रोज सकाळी ती पांढरी बारीक गोळी घेणारे अनेकजण असतील.

या मंडळींच्या तोंडी एक प्रश्न हमखास असतो. "डॉक्टरांनी सांगितले, थायरॉइडमुळे वजन वाढले. गोळी सुरू केली. सहा महिने झाले, रक्ताचा अहवालही चांगला आला. मग वजन का उतरत नाही?" या प्रश्नाचे उत्तर न मिळाल्यामुळे लोक दोन वाटा धरतात. कोणी गोळी निरुपयोगी समजून बंद करतो, तर कोणी एकीच्या जागी दोन घेऊ लागतो. या दोन्ही वाटा अपायाकडे जातात. त्या का टाळाव्यात आणि खरी वाट कोणती, एवढेच आज सांगावयाचे आहे.

ग्रंथीचे काम

गळ्याच्या पुढच्या बाजूस, कंठमण्याच्या किंचित खाली, पंख पसरलेल्या फुलपाखरासारखी एक लहानशी ग्रंथी असते. वजन जेमतेम 20 ग्रॅम. हीच थायरॉइड, मराठीत अवटु ग्रंथी. अन्नातून व मिठातून मिळणारे आयोडीन घेऊन ती थायरॉक्सिन नावाचे संप्रेरक तयार करते आणि रक्तात सोडते. शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीने आपले काम किती वेगाने करावे, हे या संप्रेरकावर अवलंबून असते. लोहाराच्या भट्टीचे उदाहरण घ्या. आपण खातो ते अन्न म्हणजे कोळसा, शरीर म्हणजे भट्टी आणि ही ग्रंथी म्हणजे भाता. भाता नीट चालला की कोळसा हवा तेवढा जळतो. तो ढिला पडला की निखारे मंदावतात. मग थंडी सोसत नाही, अंग जड वाटते, त्वचा कोरडी पडते, मलावरोध होतो, आवाज घोगरा होतो, केस गळतात आणि मासिक पाळी बिघडते.

या ग्रंथीवर मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी देखरेख ठेवते. थायरॉक्सिन कमी पडले की ती टी.एस.एच. नावाचे संप्रेरक अधिक सोडून थायरॉइडला कामाला लावू पाहते. म्हणून अहवालात टी.एस.एच.चा आकडा वाढलेला दिसला, तर थायरॉक्सिन कमी पडते आहे असे समजावे. तो फार खाली गेला, तर बहुधा गोळी जास्त होत आहे. हा उलटा हिशेब पुष्कळांना गोंधळात टाकतो, म्हणून तो ध्यानात ठेवलेला बरा.

ग्रंथी मंद होण्याची कारणे अनेक आहेत. हिमालयाच्या पायथ्याच्या प्रदेशांत पूर्वी आयोडीनच्या अभावाने गलगंड सर्रास आढळे. आपल्या शहरांत मात्र बहुतेक वेळा शरीराची स्वतःचीच संरक्षक यंत्रणा या ग्रंथीवर उलटते. 1912 साली हाशिमोतो या जपानी डॉक्टरांनी या विकाराचे वर्णन प्रथम केले. तो आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. अशा रोग्याने आयोडीनयुक्त मीठ नेहमीप्रमाणे खावे. परंतु आयोडीनची वेगळी औषधे आपल्या मनाने घेऊ नयेत. त्यांनी ग्रंथी सुधारत नाही, कधी कधी बिघडते.

वाढलेले वजन कशाचे?

आता मूळ मुद्दा. थायरॉक्सिन कमी पडल्यावर जे वजन वाढते, त्यातील मोठा भाग चरबीचा नसून पाण्याचा आणि क्षारांचा असतो. त्वचेखाली व स्नायूंत काही चिकट पदार्थ साठतात आणि ते स्पंजासारखे पाणी धरून ठेवतात. सकाळी पापण्या सुजलेल्या दिसतात, अंगठी घट्ट होते, ती यामुळे. केवळ या विकारामुळे वाढलेले वजन बहुधा 2 ते 5 किलोंच्या घरात असते. दुखणे जुने व तीव्र असेल तर अधिक.

गोळी सुरू झाली की हे साठलेले पाणी हळूहळू उतरते आणि काटा थोडा खाली येतो. त्यानंतर तो थांबतो. यात गोळी हरली असे नाही. तिचे काम तेथे पुरे झाले. 65 किलोंची व्यक्ती 80 किलोंवर गेली असेल, तर त्या 15 किलोंचा सगळा दोष त्या लहानशा ग्रंथीच्या माथी मारणे न्यायाचे नाही. वाढते वय, बैठे काम, बाळंतपणे, अपुरी झोप, आणि आजाराच्या थकव्यामुळे मंदावलेली हालचाल यांचाही त्यात वाटा असतो. भाता दुरुस्त झाला, तरी आधी साठलेला कोळशाचा ढीग आपोआप नाहीसा होत नाही.

ज्यांची ग्रंथी पूर्वी अतिवेगाने चालत होती आणि औषधाने, किरणोत्सर्गी आयोडीनने किंवा शस्त्रक्रियेने शांत करावी लागली, त्यांची गोष्ट आणखी वेगळी. त्या आजारात भरपूर खाऊनही माणूस वाळतो. उपचारानंतर शरीराचा वेग पूर्वपदावर येतो, पण भूक व ताटाची सवय जुनीच राहते. मग वजन भराभर वाढते आणि दोष मात्र नव्या गोळीला दिला जातो.

गोळी वाढवून चरबी का झडवू नये?

थायरॉइडच्या औषधाचा इतिहास मोठा हृद्य आहे. 1891 साली इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरांनी या रोगाने खंगलेल्या एका स्त्रीला मेंढीच्या थायरॉइड ग्रंथीचा अर्क टोचला. तोवर या रोगावर इलाज नव्हता. ती स्त्री त्यानंतर 28 वर्षे जगली आणि 1919 साली वयाच्या 74व्या वर्षी वारली. तेवढ्या काळात तिच्या औषधासाठी 870 हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. 1914 साली अमेरिकेत केंडल यांनी शुद्ध थायरॉक्सिन वेगळे केले आणि 1927 साली ते प्रयोगशाळेत तयार करता आले. आजची आपली गोळी त्याच द्रव्याची.

परंतु हे औषध हाती येताच, निरोगी पण स्थूल माणसांनाही ते देऊन बारीक करण्याचा मोह एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच सुरू झाला. त्याचा अनुभव चांगला आला नाही. गरजेपेक्षा अधिक थायरॉक्सिन दिले, तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात, छाती धडधडते, हात कापतात, झोप उडते. दीर्घकाळ असे चालले तर हाडे ठिसूळ होतात, विशेषतः पाळी थांबलेल्या स्त्रियांची. आणि हृदयाचे ठोके अनियमित होऊन प्रसंगी पक्षाघातापर्यंत मजल जाते. भाता बेसुमार हाणला तर भट्टीच तडकते, तसा हा प्रकार. म्हणूनच केवळ वजन उतरविण्यासाठी हे औषध वापरू नये, असा स्पष्ट इशारा अमेरिकेत त्याच्या माहितीपत्रकावरच छापतात.

गोळी बंद करणेही तितकेच वाईट. थायरॉक्सिन शरीरात सावकाश झिजते. निम्मे संपायला सुमारे सात दिवस लागतात. त्यामुळे गोळी सोडल्यावर आठवडाभर काहीच बिघडत नाही आणि रोग्याला वाटते, आपले बरे चालले आहे. मग थकवा, सूज, वाढलेले कोलेस्टेरॉल अशी एकेक तक्रार परत येते. गर्भवतीने तर गोळी कधीच थांबवू नये. गर्भाच्या मेंदूची वाढ पहिल्या महिन्यांत आईच्या थायरॉक्सिनवर चालते. त्या काळात मात्रा बहुधा वाढवावी लागते. दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना भेटावे.

गोळी घेण्याची रीत

पुष्कळ वेळा गोळी योग्य असते, घेण्याची रीत चुकते. सकाळी उठल्यावर रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर गोळी घ्यावी आणि पुढे अर्धा ते एक तास चहा, कॉफी, दूध, न्याहारी काहीही घेऊ नये. आपल्याकडे चहाच्या कपाबरोबरच गोळी गिळण्याची चाल आहे, ती मोडावी. लोहाच्या, कॅल्शियमच्या व आम्लपित्ताच्या गोळ्या थायरॉक्सिनला आतड्यात अडवतात. त्यांच्यात आणि या गोळीत चार तासांचे अंतर असावे. उपवासाच्या दिवशीही गोळी पाण्याबरोबर घ्यावी. बाटली स्वयंपाकघरातील उष्णतेपासून, ओलीपासून आणि उन्हापासून दूर ठेवावी. मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी रक्त तपासावे. त्याआधीचा आकडा खरे चित्र दाखवीत नाही. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तपासणीपूर्वी तसे डॉक्टरांना सांगावे, कारण त्यामुळे अहवाल चुकू शकतो.

मग वजनाचे काय करावे?

टी.एस.एच. योग्य मर्यादेत आला, म्हणजे आपले शरीर या बाबतीत इतरांसारखेच झाले असे समजावे. येथून पुढचे काम ताटाचे आणि पायांचे.

एक किलो चरबीत सुमारे 7,700 उष्मांक साठलेले असतात. दिवसाला तीन कप चहा आणि प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे सुमारे 30 ग्रॅम साखर व 120 उष्मांक. महिन्याचे झाले 3,600. जवळजवळ अर्धा किलो चरबीइतके. फोडणीतील एक मोठा चमचा तेल म्हणजे आणखी 120 उष्मांक. शरीर बदलाशी जुळवून घेते, म्हणून प्रत्यक्ष घट या हिशेबापेक्षा कमी होते. पण दिशा समजायला हा हिशेब पुरे. उपवासाचा विचारही असाच करावा. शेंगदाण्याचे कूट आणि तूप घातलेली साबुदाण्याची खिचडी ही वरण-भातापेक्षा भारी पडते.

उपाशी राहण्याचा उपयोग नाही. त्याने स्नायू घटतात. भाकरी किंवा पोळी ठेवावी, भात थोडा आवरावा, आणि डाळ, उसळ, ताक, अंडी, मासे यांचे प्रमाण वाढवावे. कोबी-फ्लॉवर वर्ज्य करण्याचे कारण नाही. शिजवून बेताने खाल्ल्यास त्यांनी अपाय होत नाही. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास झपाट्याने चालावे, आणि दोन दिवस जोर-बैठकांसारखा स्नायूंना ताण देणारा व्यायाम झेपेल तसा करावा. आरंभ सावकाश असावा. या आजारात स्नायू दुखतात, ते सावरायला वेळ लागतो. 80 किलोंच्या माणसाने सहा महिन्यांत 4 किलो उतरविले, तरी रक्तदाब व रक्तातील साखर यांवर त्याचा चांगला परिणाम दिसतो.

वजन रोज करू नये. पाणी, मीठ, मलावरोध, मासिक पाळी यांमुळे ते दिवसागणिक किलोभर खालीवर होते. आठवड्यातून एकदा, सकाळी, त्याच काट्यावर वजन करावे आणि वहीत तारीख, वजन व गोळीची मात्रा लिहावी. सांगितल्याप्रमाणे वागूनही वजन सतत वाढत असेल, किंवा प्रयत्नाशिवाय झपाट्याने उतरत असेल, तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. वजन पुष्कळ बदलले तर मात्राही बदलावी लागते.

शेवटी घरातील मंडळींना एक विनंती. मंद ग्रंथीच्या स्त्रीला "बसून खातेस म्हणून फुगलीस" असे सहज म्हटले जाते. तिला आळस नसतो. तिच्या शरीरात खरोखरीच एका द्रव्याची उणीव असते. असल्या बोलण्याला कंटाळून ती एक दिवस गोळी सोडते, नाही तर चोरून दुप्पट घेते. त्याऐवजी सकाळचा चहा अर्धा तास उशिरा झाला तर कुरकूर करू नये, आणि संध्याकाळी तिच्याबरोबर चालायला बाहेर पडावे.