चुंबकीय क्षेत्र आणि उंदरांची साक्ष

सुरतेच्या दक्षिणेस, मुंबईच्या लोहमार्गावर भेस्तान हे स्थानक आहे. तेथील आगगाड्या २५,००० व्होल्टच्या विजेवर धावतात. आसपासच्या परिसरातील यंत्रमागही विजेवरच चालतात. खानदेशातून पोटापाण्यासाठी आलेली कित्येक कुटुंबे या भागात नांदत आहेत. डोक्यावरील तारांमुळे मुलाबाळांना कर्करोग तर होणार नाही ना, अशी शंका तेथील एखाद्या मातेच्या मनात आली तर नवल नाही.

ही शंका सर्वस्वी निराधार नव्हे. विद्युत्प्रवाहाभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. भिंतींनी ते अडत नाही. मात्र अंतर वाढताच झपाट्याने क्षीण होते. १९७९ साली अमेरिकेतील डेन्व्हर येथे नॅन्सी वर्थायमर व एड लीपर यांना असे दिसले की, कर्करोगाने दगावलेल्या मुलांच्या घरांजवळ मोठा प्रवाह वाहणाऱ्या तारा अधिक प्रमाणात होत्या. पुढे अनेक पाहण्या एकत्र केल्या असता, ०.४ मायक्रोटेस्लाहून अधिक क्षेत्र असलेल्या घरांत बालकांच्या रक्ताच्या कर्करोगाचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले. अशी घरे थोडीच होती. शिवाय दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही.

म्हणून शास्त्रज्ञ प्राण्यांकडे वळले. सेकंदाला ५० किंवा ६० आवर्तने घेणाऱ्या या क्षेत्राची ऊर्जा इतकी अल्प असते की, क्ष-किरणांप्रमाणे ते पेशीतील रेणूंचे बंध तोडू शकत नाही. तेव्हा प्रत्यक्ष प्रयोग हाच निवाडा. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात लहान व मोठ्या अशा दोन जातींचे उंदीर दररोज साडेअठरा तास, दोन वर्षे, २ ते १,००० मायक्रोटेस्लाच्या क्षेत्रात ठेवले होते. शेजारी क्षेत्राविना वाढणारे उंदीर तुलनेसाठी होते. कर्करोग वाढल्याचा स्पष्ट पुरावा मिळाला नाही. मोठ्या जातीच्या नरांत थायरॉइड ग्रंथीची अर्बुदे काहीशी अधिक दिसली, परंतु ती २ व २०० मायक्रोटेस्लाच्या गटांत. मात्रेबरोबर परिणाम वाढत गेला नाही, म्हणून निष्कर्ष संदिग्ध राहिला.

जर्मनीतील हॅनोव्हर येथे निराळा प्रयोग झाला. कर्करोगजनक रसायन दिलेल्या उंदरांच्या माद्यांत १०० मायक्रोटेस्लाच्या क्षेत्राने स्तनांची अर्बुदे वाढल्याचे दिसले. अमेरिकेत तोच प्रयोग करून पाहिला, तेव्हा वाढ आढळली नाही. उंदरांच्या उपजातींतील भेद हे त्याचे एक कारण सुचविले गेले.

सन २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने प्राण्यांवरील पुरावा अपुरा ठरविला. परंतु बालकांच्या पाहण्यांमुळे हे क्षेत्र ‘कदाचित कर्करोगजनक’ या वर्गात घातले. मुलांना होणारा रक्ताचा कर्करोग उंदरांत सहसा तसा आढळत नाही, ही या साक्षीतील उणीव होय. उंदरांच्या मौनाने आरोप सिद्ध होत नाही, तसा पुरता खोडूनही निघत नाही.

तात्पर्य, घाबरून घर सोडण्याचे कारण नाही. मुलाची खाट विजेच्या मुख्य फळीपासून चार हात दूर सरकवावी, एवढे पुरे. मात्र त्याच घरात कोणी तंबाखू मळत असेल, तर त्या धोक्याविषयी विज्ञानाला तिळमात्र शंका उरलेली नाही.