माळावरचा जाळ

आमच्या गावाचे नाव जळकोट. तुळजापूर तालुक्यातले, सोलापूर-हैदराबाद हमरस्त्यावरचे, नळदुर्गाच्या शेजारचे. (लातूर जिल्ह्यातले तालुक्याचे जळकोट निराळे, पाहुण्यांना हा फरक समजावण्यात आमच्या वडिलांची अर्धी हयात गेली.) मराठीचा प्राध्यापक झाल्यापासून मला या नावाची मोठी मौज वाटत आली आहे. 'जळ' म्हणजे पाणी. आणि गावाच्या तर पाणीटंचाई पाचवीला पुजलेली! उलट माघ-फाल्गुनात दूरच्या माळावर संध्याकाळी जाळाची तांबडी रेघ सरकताना दिसे. तेव्हा लहानपणी वाटे, की हे 'जळ' 'जळणे'मधलेच असले पाहिजे.

त्या माळाचीच ही हकीकत आहे. तीत माझा स्वतःचा एक गुन्हा आहे, तो आधी कबूल करून टाकतो.

२०१८ सालचा जुलै महिना. राज्यात तेरा कोटी झाडे लावण्याचा संकल्प सुटला होता. मी सोलापुरात ज्या कॉलेजात शिकवतो तिथे राष्ट्रीय सेवा योजनेचे काम माझ्याकडे होते. वाटले, गावासाठी आपल्या हातून काही व्हावे. रीतसर परवानगी काढली आणि साठ मुले-मुली घेऊन गावाबाहेरच्या सरकारी वनजमिनीवर गेलो. खड्डे तयारच होते. आम्ही गिरिपुष्पाची आणि सुबाभळीची रोपे लावली, छायाचित्रे काढली, पोहे खाल्ले.

बांधावर एक म्हातारे धनगर काठीला टेकून हे सगळे पाहत उभे होते. गाव त्यांना आबा म्हणते. मी मोठ्या उत्साहाने त्यांच्याजवळ गेलो.

"मास्तर," आबा म्हणाले, "हितं झाडं लावताय, ते बरं हाय. मग गवत कुठं लावणार?"

मुले हसली. मीही हसलो.

त्या वर्षी पावसाने मध्येच पाठ फिरवली. ऑक्टोबरअखेर राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यात आमचा जिल्हाही होता. उन्हाळ्यात चारा-छावण्या पडल्या. मे महिन्यात गावी गेलो तेव्हा पाय आपसूक माळाकडे वळले. रोपांपैकी काड्या शिल्लक होत्या. खड्ड्यांभोवतीचे गवत उखडलेले, माती उघडी. कडेला मात्र फलक शाबूत होता : रोपवन क्षेत्र, चराई बंद. ज्या झाडांसाठी ही बंदी होती ती झाडे उरली नव्हती, आणि बंदी उरली होती. आबांनी त्या उन्हाळ्यात निम्मी मेंढरे विकली. मला दोष दिला नाही. दिला असता तर बरे वाटले असते.

तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागलो. मराठीच्या मास्तराने जंगलाच्या कायद्यांत नाक खुपसावे, हे आमच्या मंडळींना आजही पटलेले नाही!

आता वाचकहो, धाराशिव जिल्ह्यात जंगल ते किती? एकूण भूभागाच्या एका टक्क्याच्याही आत. पण हा हिशेब कसा करतात, ते पाहण्यासारखे आहे. डेहराडूनचे भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहाच्या चित्रांवरून मोजते. एक हेक्टरपेक्षा मोठ्या जागेत दहा टक्क्यांहून अधिक जमीन झाडांच्या छायेखाली असली की ते वनाच्छादन. मग ती झाडे कुठलीही असोत, कुणाचीही असोत. आमच्या माळावर पवन्या आणि मारवेल कमरेइतके माजले तरी या हिशेबात ते शून्य. तिथेच परदेशातून आलेले गिरिपुष्प दाट वाढले, की जंगल झाले. गवताचा माळ कागदोपत्री 'पडीक' ठरतो. आणि पडीक म्हटले की कुणालाही काहीतरी लावावेसे वाटते, जसे मला वाटले.

या चुकीची किंमत सोलापूरजवळच्या नान्नजला मोजली गेली. तिथल्या माळावर माळढोक आहेत, म्हणून १९७९ साली अभयारण्य झाले, तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचे. (त्यात गावेच्या गावे आली, लोक वैतागले, आणि २०१२ साली ते सुमारे १,२२२ वर आणले गेले, तो निराळा इतिहास.) माळढोक हा भारी अंगाचा, जमिनीवर चालणारा पक्षी. त्याला दूरवर दिसेल असा मोकळा माळ लागतो. गिरिपुष्पासारख्या झाडांची दाटी त्याच्या मुळावर येते, ती काढा आणि गवत परत आणा, असे अभ्यासक वर्षानुवर्षे सांगत आले. म्हणजे पक्षी वाचवायचा तर झाडे तोडायची! गेल्या काही वर्षांत तिथे माळढोक दिसणे हीच वर्तमानपत्रांची बातमी होऊन बसली आहे.

तोडीचे झाले. आता जाळाचे.

सुबाभळीच्या काड्या पाहिल्यानंतरच्या हिवाळ्यात मी माळावर गेलो, तो एक तरुण वनरक्षक आणि चार मजूर चक्क गवत पेटवीत होते. मी रागारागाने चालून गेलो. त्याने शांतपणे पाणी प्यायला दिले आणि म्हणाला, "सर, ही जाळरेषा आहे." पट्ट्याच्या दोन्ही कडांचे गवत आधी कापायचे, ते वाळू द्यायचे, आणि वारा पडलेला पाहून मधला पट्टा जाळून टाकायचा. वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून. त्याच्या आत हे काम उरकायचे. पुढे उन्हाळ्यात कुणाची विडी पडली, तरी आग त्या काळ्या पट्ट्याशी येऊन थांबते. ही गोष्ट मला चाळीशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हती.

आबांना विचारले तर ते गालात हसले. "आमीबी पेटवत हुतो की! खोटं कशाला बोलू? जळाल्यावर कोवळा कोंब फुटतो, मेंढरं खुशीनं खात्यात." मग जरा थांबून म्हणाले, "पर दरसाल पेटवलं की पवन्या जातो, निसती कुसळं ऱ्हात्यात. कुसळ मेंढराच्या तोंडात घुसतंय, लोकरीत घुसतंय. आन् होळीनंतर पेटवलं तर टिटवीची अंडी भाजत्यात." वनस्पतिशास्त्राची पुस्तकेही हेच सांगतात : वारंवारच्या आगीत चांगले गवत मागे हटते आणि कुसळी फोफावते. विदर्भात तेंदूची पालवी चांगली यावी म्हणून, किंवा मोहाची फुले वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात. त्या ठिणगीतून डोंगर पेटतात. जाळ एकच, महिना, वारा आणि लावणारा हात बदलला की परिणाम बदलतो.

मग हे सारे कुणी तपासते की नाही? तपासते. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी, गोदावर्मन खटल्यात, ठरवून दिले की केंद्राने मंजूर केलेल्या कार्य आयोजनेशिवाय वनात तोड करायची नाही. ही कार्य आयोजना साधारण दहा वर्षांची असते : कुठे तोडायचे, कुठे लावायचे, कुठे जाळरेषा काढायच्या. उत्तम! पण ती वनखात्याचा अधिकारी लिहितो आणि वरचा अधिकारी मंजूर करतो. मोठा साखर कारखाना काढायचा तर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे गावात जनसुनावणी होते. लोक उभे राहून चार शब्द सुनावतात. कार्य आयोजनेतल्या तोडीला ती अधिसूचना लागू नाही. आणि जाळरेषा तर १९८० च्या वनसंवर्धन कायद्याने वनसंवर्धनाच्याच कामात धरली आहे. तिला वेगळी मंजुरी लागत नाही.

अमेरिकेत १९७० पासून सरकारी जंगलातल्या तोडीचे आणि जाळाचे परिणाम आधी तपासण्याचा कायदा आहे. तिथले लोक त्यावरून वर्षानुवर्षे कोर्टात भांडतात. तसले भांडण आम्हांला परवडणारे नाही, हे मी जाणून आहे. पण लांब कशाला जायचे? गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला वनहक्क कायद्याने २००९ साली सामूहिक हक्क मिळाला. आपल्या जंगलात बांबू कधी तोडायचा, किती, आणि कुणाला विकायचा, हे तिथली ग्रामसभा एकत्र बसून ठरवू लागली. आमच्याकडे तसा दावा सोपा नाही, धनगर आज इथे तर उद्या तिथे. तरी विचारायला काय हरकत होती? मी साठ मुले नेली, त्याआधी आबांना एक प्रश्न विचारला असता तर अर्ध्या तासाचे काम होते.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी वही घेऊन आबांबरोबर तीन दिवस माळ हिंडलो. कुठल्या उतारावर पवन्या, कुठे मारवेल, कुठे कुसळीने मुसंडी मारली. टिटवी कुठे बसते, खोकडाची बिळे कुठे, जाळरेषा ओढ्याच्या कोणत्या अंगाने काढली तर कमी गवत जाईल. जुन्या खड्ड्यांजवळ आलो तेव्हा ते म्हणाले, "हे बुजवून घ्या पयले. मेंढरं पडत्यात." तेही लिहिले. सात पाने झाली. शुद्धलेखन मी तपासले. मजकुराला हात लावला नाही. आबांनी अंगठा उमटवला, खाली मी सही केली, आणि अर्ज कचेरीत नेऊन दिला.

पोच मिळाली आहे. गावी गेलो की आबा एकच विचारतात, "मास्तर, सायबांनी वाचलं का?"

मी म्हणतो, "वाचत असतील, आबा."

"सात पानं तर हायती," असे म्हणून ते मेंढरांना हाक घालतात.