ओळखीचा आवाज, अनोळखी मनुष्य

परकायाप्रवेशाच्या कथा आपण लहानपणीं ऐकल्या. सांप्रत ती विद्या यंत्रास साधली आहे. इ. स. २०२४ च्या आरंभीं हाँगकाँग येथें ‘अरुप’ या ब्रिटिश अभियांत्रिकी कंपनीच्या एका कर्मचाऱ्यास पैसे धाडण्याविषयीं गुप्त पत्र आलें. मनांत संशय आला. परंतु व्हिडिओ-सभेंत मुख्य अर्थाधिकारी व सहकारी प्रत्यक्ष बोलतांना दिसले, आणि तो मावळला. १५ वेळां मिळून सुमारें २० कोटी हाँगकाँग डॉलर गेले. तीं सारीं मुखें कृत्रिम बुद्धिमत्तेनें रचिलेलीं होतीं! मुख्य कचेरीस विचारल्यावर कपट उघडकीस आलें; पण तें विचारणें मागाहून झालें.

हीच बुद्धिमत्ता रक्षकही आहे. बँकांचीं यंत्रें खातेदाराची नेहमींची रीत शिकतात व विपरीत व्यवहार दिसतांच इशारा देतात. तथापि धनी स्वहस्तें पैसे धाडूं लागला, म्हणजे हा पहारा दुबळा पडतो.

म्हणून आम्ही सुचवितों कीं, प्रत्येक कुटुंबानें एक गुप्त खूणशब्द ठरवावा. परगांवच्या मुलाच्या आवाजांत पैशाची निकड ऐकूं आली, तर फोन ठेवून त्याच्या नेहमींच्या क्रमांकावर आपणच विचारावें. फसगत झालीच, तर लज्जा न धरितां तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावें. चार माणसांस विचारून पैसा काढण्याची आपल्या घरांतील जुनी चाल आज पुन्हां उपयोगीं पडणार आहे.