हरलेले विधेयक, रुजलेला विचार

व्हाइसरॉयच्या विधिमंडळात १९ मार्च १९१२ रोजी एका विधेयकावर मतदान झाले. प्राथमिक शिक्षण हळूहळू सक्तीचे व्हावे, हा त्या विधेयकाचा हेतू होता. बाजूने १३ मते पडली, विरुद्ध ३८. विधेयक मांडणारे गोपाळ कृष्ण गोखले यांना हा निकाल अनपेक्षित नव्हता. सभागृहात सरकारी सदस्यांचे बहुमत होते. मग पराभव दिसत असताना त्यांनी एवढे परिश्रम का घेतले?

गोखले यांचा जन्म १८६६ साली रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन करीत असतानाच ते न्यायमूर्ती रानडे यांच्या हाताखाली सार्वजनिक कार्याचे धडे घेऊ लागले. सार्वजनिक सभेच्या वतीने सरकारकडे अर्ज पाठविले जात. त्यासाठी सरकारी अहवाल वाचावे लागत, आकडे पडताळावे लागत. अशा मेहनतीने तयार केलेल्या अर्जांकडे सरकार लक्ष देत नाही, हे पाहून गोखले खिन्न झाले. तेव्हा रानडे यांनी त्यांना समजावले, की हे अर्ज नावापुरतेच सरकारला लिहिलेले असतात. खरे तर ते लोकांसाठी असतात. त्यांतून लोक विचार करायला शिकतात.

पुराव्याचे मोल गोखले यांना एका चुकीनेही शिकविले. १८९७ साली वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी ते इंग्लंडला गेले होते. पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तात सैनिकांनी केलेल्या अत्याचारांविषयी आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी तेथे आरोप केले. परत आल्यावर ते सिद्ध करता न आल्याने त्यांना जाहीर माफी मागावी लागली.

१९०२ मध्ये त्यांनी व्हाइसरॉयच्या विधिमंडळात अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. सरकारच्या तिजोरीत शिल्लक पडत होती आणि सरकार तिचा अभिमान बाळगत होते. ही शिल्लक रयतेच्या सुबत्तेची खूण नसून गरजेपेक्षा जास्त बसविलेल्या करांचा परिणाम आहे, असे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखविले. मिठावर तेव्हा मणामागे अडीच रुपये कर होता व त्याचा भार गरिबांना अधिक जाचत असे. गोखले दरवर्षी हा विषय मांडत राहिले. १९०३ ते १९०७ या काळात तो कर टप्प्याटप्प्याने एक रुपयावर आला.

शिक्षणाच्या विधेयकाची आखणीही त्यांनी अशीच जपून केली होती. सक्ती एकदम सर्व देशभर लागू होणार नव्हती. जेथे पुरेशी मुले आधीच शाळेत जात होती, तेथेच नगरपालिका किंवा लोकल बोर्ड सरकारच्या परवानगीने ती लागू करू शकणार होते. आरंभी ती सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपुरती असणार होती; मुलींचा समावेश पुढे व्हावयाचा होता. विरोधकांना नकार देणे कठीण जावे, इतकीच मागणी करायची, ही त्यामागची नीती होती. १९११ मध्ये विधेयक मांडल्यावर वर्षभर त्यावर मते मागविली गेली, ठिकठिकाणी सभा भरल्या. ज्या प्रश्नाची चर्चा पूर्वी मोजक्या सुशिक्षितांत होत असे, तो आता लोकांचा प्रश्न बनला.

विधेयक फेटाळले गेले आणि १९१५ साली गोखले यांचे निधन झाले. पण तो विचार मागे पडला नाही. १९१८ मध्ये मुंबई प्रांतात नगरपालिकांना शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा देणारा कायदा झाला. २००२ च्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या बालकांचे शिक्षण हा मूलभूत हक्क ठरला आणि त्यासाठीचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला.

अर्ज लोकांसाठी असतो, ही रानडे यांची शिकवण गोखले यांनी विधेयकालाही लावली. सभागृहात त्यांना १३ मते मिळाली. पण मुलांना शाळेत आणणे हे सरकारचे कर्तव्य आहे, ही गोष्ट त्या विधेयकाने असंख्य लोकांच्या मनात रुजविली.