चार खुर्च्या घेताना

टेंभुर्णीत पुणे-सोलापूर रस्त्याच्या कडेला टेम्पो उभा असतो. लाल, निळ्या, हिरव्या, पोपटी खुर्च्या एकात एक घालून माणसाच्या उंचीच्या वर रचलेल्या. शेजारी टब, बादल्या, स्टूल. कारखान्याचा पगार झालेला असो की उसाच्या तोडीचा हिशेब, हाती दोन पैसे आले की आपली माणसे तिथे थांबतातच. गेल्या महिन्यात आईबरोबर मीही थांबलो.

"मावशी, उचलून तर बघा. दगडागत वजन हाय!" विक्रेता म्हणाला.

"दगड घरी लय हायत बाबा. मला बसायला खुर्ची पाहिजे," आई म्हणाली आणि तिने खुर्ची उलटी केली.

आई अशी सावध होण्याला कारण आहे. दोन वर्षांपूर्वी स्वस्त म्हणून आम्ही अशाच एका ठिकाणाहून दोन खुर्च्या आणल्या. नव्या फरशीवर एकीचे पाय फाकले, मागचा पाय मोडला आणि आत्याचा हात मनगटात मोडला. खुर्चीत वाचलेले पैसे प्लास्टरात गेले. तेव्हापासून घरात ठरले, खुर्ची घ्यायची तर पारखून घ्यायची.

खुर्ची येते कोठून?

ही खुर्ची बहुधा पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लॅस्टिकची असते. इटलीतील शास्त्रज्ञ ज्युलिओ नाट्टा यांनी ते १९५४ साली प्रयोगशाळेत तयार केले आणि १९६३ साली त्यांना कार्ल झिग्लर यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. १९७२ साली फ्रान्समध्ये आंरी मासोने यांनी सबंध खुर्ची एकाच साच्यात ओतण्याची पद्धत बाजारात आणली. प्लॅस्टिकचे दाणे वितळवून मोठ्या दाबाने साच्यात सोडायचे आणि थंड झाले की खुर्ची बाहेर काढायची. हे काम दोन मिनिटांच्या आत होते. सांधा नाही, खिळा नाही, सुताराची मजुरी नाही. म्हणून ती स्वस्त. आपल्या महाराष्ट्रातही सिन्नरला नीलकमलचा आणि जळगाव जिल्ह्यात गाडेगावला सुप्रीमचा कारखाना आहे.

या साध्या खुर्चीने मोठी कामेही केली आहेत. डॉन शोएंडॉर्फर या अमेरिकन अभियंत्याने हीच खुर्ची घेऊन तिला सायकलची चाके जोडली आणि अपंगांसाठी स्वस्त चाकाची खुर्ची बनविली. त्यांच्या पहिल्या चार खुर्च्या २००१ साली भारतातच वाटल्या गेल्या.

नवी घेताना काय पाहावे?

वजनावर भुलू नये. स्वस्त मालात खडूच्या जातीची पूड मिसळतात. त्याने वजन वाढते, पण खुर्ची ठिसूळ होते. चांगली खुर्ची दाबली की थोडी लवते आणि पुन्हा सरळ होते.

खुर्ची उलटी करावी. बैठकीखाली किंवा पाठीमागे एक बारीक ठिपका दिसेल. तेथूनच प्लॅस्टिक साच्यात सोडलेले असते. त्याच्याभोवती पांढरट रेषा किंवा तडा असेल तर ती खुर्ची परत ठेवावी. कंपनीचे नाव अक्षर न् अक्षर वाचावे. नामांकित नावात एखादे अक्षर फिरवून नक्कल विकली जाते. त्रिकोणात ५ हा आकडा असेल तर ती पॉलिप्रॉपिलीनची आहे असे समजावे.

सपाट जागेवर ठेवून चारही पाय टेकतात का ते पाहावे. मग बसावे, थोडे मागे रेलावे आणि पाय फाकतात का ते पाहावे. दुकानदार हसला तरी चालेल. घरात म्हातारी माणसे असतील तर हातांची खुर्ची घ्यावी. उठताना हाताला आधार लागतो. चारही खुर्च्या एकाच साच्याच्या घ्याव्यात, म्हणजे एकात एक बसतात आणि दहा बाय दहाच्या खोलीत जागा अडत नाही. विहारासाठी वर्गणी काढून घेताना तर हे विसरूच नये.

रंगाचे काय?

रंग हा केवळ हौसेचा भाग नाही. झळझळीत, स्वच्छ रंग बहुधा नव्या दाण्यांना येतो. भंगारातून पुन्हा वितळवलेल्या मालाचा रंग मळकट येतो, म्हणून तो गडद रंगात झाकतात. अर्थात प्रत्येक काळी खुर्ची वाईट नसते. काजळीच्या काळ्या रंगाने उन्हापासून थोडे रक्षणच होते. पण गडद खुर्ची घेताना दोनदा दाबून पाहावी.

जुनी घेता येते का?

येते, आणि पुष्कळदा ती फायद्याची पडते. मंडपवाले जुना माल काढतात तेव्हा पंचवीस-पन्नास खुर्च्या एकदम मिळतात. मात्र त्या उन्हात किती राहिल्या ते पाहावे. उन्हाने प्लॅस्टिक आतून तुटत जाते. वरून बोट फिरवले आणि बोटाला पांढरी भुकटी लागली, तर तिचे आयुष्य संपले म्हणून समजावे.

दुसरी जुनी जात म्हणजे लोखंडी नळीच्या सांगाड्यावर रंगीत प्लॅस्टिकच्या वायरीने विणलेली खुर्ची. ती भंगारात दिसली तर सोडू नये. गंज वरवरचा असेल तर घासून रंग द्यावा, वायर नव्याने विणून घ्यावी. हे विणकाम अनेक अंध बांधव उत्तम करतात. आपली खुर्ची नवी होते आणि एका कष्टकऱ्याला काम मिळते.

साच्यातली खुर्ची चिरली तर बाजारातल्या साध्या गोंदाने ती टिकाऊ चिकटत नाही. तापल्या दाभणाने चिरेच्या दोन्ही बाजूंना भोके पाडून तांब्याच्या तारेने शिवतात. पाठ चिरली असेल तर हे चालते. पाय चिरला असेल तर त्यावर माणूस बसवू नये. ती खुर्ची भंगारात द्यावी, चुलीत मुळीच जाळू नये.

खुर्ची कुणासाठी?

एवढी पारख कशासाठी, असे कुणी विचारील. आपल्या माणसांना खुर्ची सहज मिळालेली नाही. साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांना वेगळ्या कोपऱ्यात गोणपाटाच्या तुकड्यावर बसावे लागे. ते गोणपाट रोज घरून न्यावे आणि परत आणावे लागे, हे त्यांनीच आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. ही गोष्ट जुनी झाली असेही नाही. २०१९ साली उत्तराखंडातील टिहरी गढवाल जिल्ह्यात लग्नाच्या जेवणात सवर्णांसमोर खुर्चीवर बसला म्हणून एका दलित तरुणाला मारहाण झाली आणि त्यात त्याचा जीव गेला. २०२० साली तमिळनाडूच्या कडलूर जिल्ह्यात एका दलित महिला सरपंचाला बैठकीत जमिनीवर बसविल्याचे छायाचित्र साऱ्या देशाने पाहिले.

माझे आजोबा वाड्यासमोर उकिडवे बसत. म्हणून आमच्या घरी पाहुणा आला की आई आधी खुर्ची पुढे करते. पण परवा ध्यानात आले, चार खुर्च्यांवर आम्ही पुरुष बसलो होतो आणि आई, आत्या, वहिनी खाली भिंतीला टेकून बसल्या होत्या. बाहेर खुर्चीचा हक्क मागणारे आपण घरात काय करतो?

त्या दिवशी आईने टेम्पोतून चार लाल खुर्च्या निवडल्या, चारही दाबून, उलट्या करून. घरी आल्यावर मी पहिली खुर्ची मांडली आणि म्हणालो, "आई, बस."

"मला खालीच बरं वाटतं," ती म्हणाली.

आत्या पुढे आली, बरा झालेला हात खुर्चीच्या हातावर टेकून बसली आणि म्हणाली, "बस गं वहिनी, ही मोडत न्हाई."

मग आईही बसली.