रक्तातली साखर आणि भाकड झालेल्या पेशी



गाय आटली म्हणून ती मेली, असे आपण म्हणत नाही. तिला विसावा देतो, वैरणपाणी बघतो, वेळ आली की ती पुन्हा दुधावर येते. मधुमेहाच्या बाबतीत शास्त्रज्ञांना असेच काहीसे आढळले आहे. म्हणून आज पिकाचे बाजूला ठेवून शरीराचे बोलतो.

आपल्या जठरामागे स्वादुपिंड नावाची ग्रंथी असते. तिच्यात पेशींचे बारीक पुंजके विखुरलेले असतात. जर्मनीतल्या पाऊल लँगरहॅन्स यांनी १८६९ साली त्यांचे प्रथम वर्णन केले. या पुंजक्यांतल्या बीटा पेशी इन्शुलीन तयार करतात. त्याच्या जोरावर रक्तातली साखर अंगाला लागते.

मधुमेहाचे मुख्य प्रकार दोन. एकात शरीराची संरक्षक यंत्रणाच बीटा पेशींचा नाश करते. हा बहुधा लहान वयात होतो आणि त्याला जन्मभर इन्शुलीन घ्यावेच लागते. दुसरा सर्रास दिसणारा. त्यात अंग इन्शुलीनला दाद देत नाही. मग बीटा पेशी जादा राबतात आणि शेवटी थकतात. थकून त्या मरतात, असेच पुष्कळ काळ समजले जाई.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. दोमेनिको अॅचिली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताण सोसण्याचा एक जनुक काढलेले उंदीर घेतले. गुरांच्या कानाला बिल्ला मारावा तशी त्यांच्या बीटा पेशींना कायमची खूण केली. उंदरांना मधुमेह झाल्यावर पाहिले, तर खुणेच्या बऱ्याच पेशी जिवंत होत्या! फक्त इन्शुलीन करण्याचे आपले काम त्या विसरल्या होत्या. काही तर साखर वाढवणारा रस करू लागल्या होत्या. हे संशोधन २०१२ साली प्रसिद्ध झाले. पुढे मधुमेही माणसांच्या स्वादुपिंडातही अशा पेशी सापडल्या. काही पेशी मरतातही. पण सगळ्याच मरत नाहीत.

याचा उपयोग काय? ब्रिटनमध्ये सहा वर्षांच्या आतला मधुमेह असलेल्या स्थूल रुग्णांचे वजन डॉक्टरांच्या देखरेखीखाली आहाराने उतरवले. वर्षअखेर त्यांतल्या ४६ टक्के लोकांची साखर औषधाशिवाय आटोक्यात होती. हा निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाला. आजार जितका जुना, तितकी ही आशा कमी.

"आम्ही सडपातळ, आम्हाला कशाची साखर?" असे म्हणू नका. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या माता व बालकांचा अभ्यास केला. आपली बाळे वजनाने हलकी, पण त्या मानाने अंगात चरबी जास्त, असे त्यांना दिसले. वरून बारीक दिसणाऱ्यालाही हा आजार होतो.

आता माझीच गोष्ट सांगतो. माती तपासा, माती तपासा म्हणून गावोगाव सांगत फिरणाऱ्या मी स्वतःचे रक्त चार वर्षे तपासले नव्हते. रात्री तीन-तीनदा उठावे लागू लागले, तेव्हा डोळे उघडले. ती चार वर्षे काही परत येत नाहीत.

तेव्हा तिशी उलटलेल्या घरातल्या प्रत्येकाची साखर प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्या. घरच्या बायकांना मागे ठेवू नका. उपाशीपोटी १०० ते १२५ आकडा आला, तर तो इशारा समजा. दोनदा १२६ किंवा त्याहून जास्त आला, तर मधुमेह समजावा. चालू असलेले औषध किंवा इन्शुलीन मात्र आपल्या मनाने कधीही बंद करू नका.

जमीन पार नापीक होईपर्यंत आपण थांबत नाही. मग शरीराच्या बाबतीत तरी का थांबावे?